पडवीतली साक्ष

कॉलेजातल्या मुलामुलींमध्ये प्रभूची सेवा कोण करतं, असं मला कोणी विचारलं, तर आधी माझ्या नाकात मासळीचा वास येतो आणि मग हसू फुटतं. खोटं नाही सांगत!

साठच्या दशकाची शेवटची वर्षं होती ती. पालघरला कॉलेज नुकतंच निघालेलं. तिकडे तारापूरला अणुवीज केंद्राचं काम धडाक्यात चाललेलं, आणि वडील तिथे वेल्डर म्हणून लागले, त्यामुळे आम्ही नगरकडचं बिऱ्हाड उचलून बोईसरला आलो. आमचं ख्रिस्ती घर. कोणी भेटलं की ‘सलाम’ म्हणायची आम्हाला सवय. बोईसरच्या चाळीत मी सलाम केला की लोक मला मुसलमान समजायचे आणि हिंदीत उत्तर द्यायचे! पहिले काही महिने मी घराबाहेर धड चार वाक्यं मराठीत बोलले नसेन.

मग कॉलेज सुरू झालं आणि मला मैत्रीण मिळाली. नवापूरची, कोळ्यांची. त्यांच्या गावातून कॉलेजात आलेली पहिलीच मुलगी, आणि तोंडाची अशी फटकळ की प्राध्यापकसुद्धा जपून असायचे. ती एसटीने बोईसरला यायची, तिथून आम्ही दोघी गाडीने पालघरला. तिची आई पालघरच्या बाजारात मासळी विकायची. मी त्यांना मावशी म्हणत असे.

दर गुरुवारी कॉलेज सुटल्यावर आमचं ख्रिस्ती विद्यार्थी मंडळ भरायचं. मंडळ कसलं, मी आणि तीन मुलगे. तिघेही तोंडात गुळणी धरून बसणारे. बाजाराच्या मागे एक ख्रिस्ती कंपाउंडरकाका राहत, त्यांच्या पडवीत आम्ही बसायचो. मंडळ चालवायची मुंबईहून येणारी ताई. कॉलेजा-कॉलेजांत फिरून विद्यार्थ्यांमध्ये प्रभूची सेवा करणं हेच तिचं काम. खांद्याला पिशवी, पायात झिजलेल्या चपला, आणि गळा काय गोड! ती गायला लागली की रस्त्यावरची माणसं थांबायची. मला तर तिच्यासारखंच व्हायचं होतं.

एका गुरुवारी ताई म्हणाली, “माझी बदली झाली. पुढच्या गुरुवारी शेवटची येते.”

माझ्या तर पायाखालची जमीनच सरकली. “मग आमचं काय?”

“मी काय, पाहुणी! आले नि गेले. कॉलेजात रोज कोण असतं? तुम्ही. मग सेवा कोणी करायची? कोणी उभं राहिलं तर मंडळ राहील, नाही तर काकांची पडवी मोकळी.” तिने तिन्ही मुलांकडे पाहिलं. तिघांनी सतरंजी न्याहाळायला सुरुवात केली. मग ती माझ्याकडे वळली. “पुढच्या गुरुवारी तुझी साक्ष.”

आमच्यात साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते चार लोकांत उभं राहून सांगणं. ताईची मी डझनभर वेळा ऐकली होती. पण माझी? रात्रभर मी छताकडे बघत पडले. आनंदही एवढा, की कधी एकदा गुरुवार उजाडतो, आणि भीतीही एवढी, की तो उजाडूच नये.

सकाळी गाडीत मैत्रिणीने माझं तोंड बघूनच विचारलं, “काय झालं गो?”

“गुरुवारी माझी साक्ष आहे. रात्रभर डोळा लागला नाही.”

“साक्ष? तुजी?” तिचा आवाज एकदम खाली आला. “कोनी सांगितलं?”

“मुंबईच्या ताईंनी. सगळ्यांसमोर उभं राहून खरं खरं सांगायचं.”

“आनि नाय दिली तर?”

“तर सगळं संपलं!”

पालघर येईपर्यंत ती वहीचा कोपरा दुमडत बसली. मला वाटलं, हिलाही माझ्याइतकंच टेन्शन आलं. आता त्या पट्ट्यात जमिनींना भाव आल्यापासून भावाभावांच्या वाटण्या कोर्टकचेरीत गेल्या होत्या, आणि तिच्या घरात साक्ष हा शब्द फक्त वकिलाच्या तोंडून ऐकलेला, हे माझ्या डोक्यात कुठून यावं? दर गुरुवारी मी काकांच्या पडवीत जाते, एवढंच तिला ठाऊक होतं.

गुरुवारी आम्ही पडवीत बसलो, ताईने प्रार्थना केली, मी उभी राहिले, आणि फाटक धाडकन उघडलं. पुढे माझी मैत्रीण, मागे मावशी, आणि मावशींच्या मागे बाजारातल्या सहा-सात कोळणी, डोक्यावर टोपल्यांसकट! मावशींनी पदर कमरेला खोचलेला.

“कोन हाय तो वकील? पोरीला साक्षीला ओढताव? परक्या मुलखातली पोर, तिला काय मागंपुढं कोन नाय वाटलं?”

तिन्ही मुलगे उठून भिंतीला चिकटले. काका औषधाची बाटली हातात घेऊन दारातच थिजले. ताईला क्षणभर काही कळेना, आणि कळलं तेव्हा ती इतकी हसली, इतकी हसली, की डोळे पुसायला तिला पदर पुरेना. मी कसंबसं म्हटलं, “मावशी, कोर्टातली नव्हे हो! देवाची साक्ष!”

“देवाला कशाला साक्ष लागते?” मावशी अजून तापलेल्याच होत्या.

“बसा तर खरं,” ताई म्हणाली. “ऐका आणि मग ठरवा.”

टोपल्या उतरल्या, बायका बसल्या, पडवी मांदेलीच्या वासाने भरून गेली. आणि मी? पाठ केलेलं सगळं साफ विसरले. बायबलची वचनं गेली, मुद्दे गेले. समोर माझी मैत्रीण बसलेली, माझ्यासाठी अख्खा बाजार उठवून आणलेली. मी म्हटलं, “बोईसरला आले तेव्हा माझ्याशी बोलायला कोणी नव्हतं. मी रोज प्रभूकडे एकच मागायचे, मला एक मैत्रीण दे. आणि त्याने ही दिली.” मी रडत होते आणि मला त्याची जराही लाज वाटत नव्हती. तीही रडत होती, पण “डोल्यात कायतरी गेलं” म्हणत होती.

“म्हंजे केस नाय?” मावशींनी विचारलं.

“नाही, मावशी.”

“मग माज्या धंद्याचा खोळंबा कशाला केलाव?” सगळी पडवी हसली.

हसू ओसरल्यावर ताईने तो प्रश्न विचारलाच. “पुढच्या गुरुवारी मंडळ कोण चालवणार?”

“मी,” मी म्हटलं. तिन्ही मुलगे पुन्हा सतरंजीत.

“एकटी?”

“एकटी कशाला?” माझी मैत्रीण म्हणाली. “साक्षीला कोनी एकटं जातं काय? मी येन.”

ताई सावकाश म्हणाली, “अगं, पण तू ख्रिस्ती नाहीस.”

“नाय. तुमच्या देवाचं मला काय ठावं नाय. पन ही खोटं बोलत नाय, येवडं तर मी उभी राहून सांगू शकते ना?”

आता सगळ्या जणी मावशींकडे पाहत होत्या. मावशींनी टोपली उचलता उचलता विचारलं, “इथं बसलं म्हंजे पोर बाटते काय?”

“नाही, मावशी,” ताई म्हणाली. “बसली म्हणून कोणी बाटत नाही.”

मावशींनी चुंबळ डोक्यावर नीट बसवली, आणि लेकीला म्हणाल्या, “मंग बस. पोरीला एकटी सोडू नको.”