मुदत संपलेले तास

विमान चालवणाऱ्याची वही ही जगातली सर्वांत खडूस वही. तारीख, विमान, कुठून कुठे, किती वेळ, एकटी की शिक्षकासोबत, सगळं शाईनं लिहायचं. खाडाखोड चालत नाही. चुकलंच तर एक रेघ मारून नवं लिहायचं आणि शेजारी सही घ्यायची. पानाच्या तळाशी बेरीज. कायद्याला हे हवं असतं, त्यामुळे मी कधी कुरकुर केली नाही. माझा राग आहे तो वेगळ्याच नियमावर.

परवान्यासाठी दोनशे तास लागतात आणि ते अर्जाच्या दिवसापासून मागच्या पाच वर्षांतलेच धरतात. त्याआधीचे वहीत राहतात, पण मोजले जात नाहीत. शिकायला लागले तेव्हा हे वाचून मी हसले होते. पाच वर्षं कोणाला लागतात?

मला लागली. आधी पेपर राहिले, मग काविळीनं घरी पाडलं, मग मेडिकल तपासणी लांबली. तरी परत गेले, नेटानं उडले, घास अगदी हातातोंडाशी आला. आणि आमच्या विमान शिकवणाऱ्या शाळेचं विमान बंद पडलं. इंजिनाचा कुठलासा भाग बाहेरून यायचा होता. मी रोज सकाळी आमच्या मुर्री गावाहून स्कूटी काढून हँगर गाठायची. मेकॅनिक हात पुसत तेच सांगायचा, "पार्ट अभी आया नहीं, मॅडम." दुसऱ्या शाळांत विचारलं, तर तिथे त्यांच्याच मुलांची रांग.

असं करता करता माझ्या पहिल्या उड्डाणाला पाच वर्षं झाली. आता पुढून एक मिनिट वाढत नव्हतं आणि मागून तास गळायला लागले. मी एका कागदावर पेन्सिलीनं बेरीज करायची, आणि ती आधीच्यापेक्षा कमी यायची. जेवण जाईना. आईवर ओरडायची, कुत्र्यावर ओरडायची. शेजारच्या काकू फाटकातूनच विचारायच्या, "पायलटीन बाई, आजबी जमिनीवरच का?" त्यांना टाळायला मी मागच्या दारानं निघू लागले. परवाना नाही मिळाला तर मी कोण, हेच मला कळेनासं झालं होतं.

मग गळायची पाळी माझ्या एकटीच्या पहिल्या उड्डाणावर आली. त्या दिवशी शिक्षक विमानातून उतरले होते, दार लावून म्हणाले होते, जा. शेजारची सीट रिकामी होती आणि मी उडले होते. आता ती ओळही बाद झाली.

त्या सकाळी मी हँगरला गेलेच नाही. बाबा शेतात धान कापत होते, तिकडे गेले.

"काऊन तोंड उतरवून रायली?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी विळा खाली ठेवला.

"म्हणजे तवा तू उडलीच नाही का?"

"उडली ना बाबा. वहीत हाये. पण धरत नाही ते."

"झालेलं काम बिनझालेलं कसं होते?"

"होते! कायदा हाये तो! मले कायले विचारता?" मी इतक्या जोरात ओरडले की पलीकडच्या धानाच्या बांधीतल्या बायका कापायच्या थांबल्या.

बाबा रागावले नाहीत. आमचं शेत विमानांच्या वाटेखालीच येतं. दिवसभर डोक्यावर घरघर असते. त्यांनी एकदा वर बघितलं. तिथे काहीच नव्हतं.

"तू शिकाले लागली तवापासून," ते म्हणाले, "विमान आलं का मी अन् तुयी आई काम सोडून हात दाखवतो. आत कोण हाये ते काही दिसत नाही. पण त्यातलं एखादं तुयं असन ना, म्हणून सगळ्याइले दाखवतो."

हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. आणि वरून खाली माणसं दिसतात, हे मला माहीत होतं. पण मी कधी खाली बघितलंच नव्हतं.

"मंग आता," बाबांनी अगदी साधेपणानं विचारलं, "आमी हात दाखवले तेबी बाद झाले का?"

मी नाही म्हणून मान हलवली आणि बांधावर बसून हमसून हमसून रडले.