मामंजींनी तेल ओळखलं

आम्ही भैरीवाडी सोडली त्या सकाळी घराला कुलूप लावायचा प्रश्नच नव्हता, कारण दारच उरलं नव्हतं. दार, चौकट, वासे, कौलं, सगळं आदल्या आठवड्यात उतरवून डोक्यावरून खाली नेलं होतं. उभ्या होत्या त्या मातीच्या भिंती आणि चूल. माझे सासरे, मी त्यांना मामंजी म्हणते, चुलीपाशी वाकले, चिमूटभर राख कपाळाला लावली आणि चालायला लागले. दोन तास डोंगर उतरल्यावर रस्ता लागला. तिथं ट्रक उभा होता. म्हशी आधी चढवल्या, मग आम्ही चढलो. ट्रक सुरू झाला तसे मामंजी फळीला दोन्ही हातांनी धरून उभे राहिले ते कराड येईपर्यंत बसलेच नाहीत.

कोयनेच्या खोऱ्यातलं आमचं रान वाघांसाठी राखून ठेवलं गेलं आणि आमची तीसेक घरं सांगली जिल्ह्यात आली. काही आष्ट्याजवळच्या या वसाहतीत, काही दुसरीकडे, काही पोरं तेव्हाच मुंबईला गेली ती तिकडचीच झाली. हे मी तुमच्या सगळ्यांसाठी लिहितेय. यंदाच्या जत्रेला तुमच्यातले बरेच जण येऊ शकले नाहीत, आणि त्या चार दिवसांत जे झालं ते फोनवर सांगण्यासारखं नाही.

माझं म्हणाल तर मी त्याआधीही एकदा घर सोडलेलं होतं. मी कोरेगावची. बाजारपेठेत वाढलेली, दहावी झालेली. लग्न ठरलं तेव्हा वडील म्हणाले होते, "डोंगरात देतोय तुला, पर माणसं चांगली हायत." पहिल्या दिवशी वाडीवर चढताना मी तीनदा बसले. मामंजींनी मागं वळून न बघता विचारलं होतं, "थांबू का बाय जरा?" दोन वर्षांत त्या डोंगराची मी इतकी झाले की उतरायची वेळ आली तेव्हा पाय माझेच जड झाले.

इथं आलो आणि सगळं सपाट. जिकडं बघावं तिकडं ऊस, काळी माती, पाटाचं पाणी. वाडीवर पाण्यासाठी झऱ्यावर जावं लागायचं, इथं तोटी फिरवली की पाणी. पहिल्या महिन्यात मी उगाचच नळ सोडून बघत बसायची. मामंजींना मात्र दिशाच कळेना. डोंगर नाही, मग सूर्य कुठनं वर आला हे ओळखायचं कशावरनं? एकदा ते उसातल्या वाटेनं गेले ते संध्याकाळी तिसऱ्याच गावच्या माणसानं आणून सोडले.

वाडीवर त्यांचा मान मोठा होता. ते मध काढायचे. कड्यावरनं दोर सोडून आग्या मोहोळापर्यंत उतरणारा आमच्या बाजूला तेवढाच एक माणूस. मधाचा थेंब अंगठ्यावर घेऊन ते सांगत, हा जांभळीचा, हा हिरड्याचा, ह्यात कुणीतरी पाणी घातलंय. आष्ट्याच्या शिवारात या विद्येचा काय उपयोग? दहा वर्षांत इथं त्यांना कुणी काही विचारलं नाही. ते दावणीपाशी बसत, वैरण टाकत, आणि कोणी गाव विचारलं तर 'भैरीवाडी' सांगून गप्प होत.

पिकअप आली ती माझ्यामुळं. माझे मालक फौजेत. सुट्टीवर आले की परत जायचा दिवस आधी मोजायचा. वसाहतीत आम्ही दोघातिघांनी मिळून उसाच्या रोपांची रोपवाटिका घातली होती, आणि ट्रे भरलेली रोपं शेतकऱ्यांच्या बांधावर पोचवायला गाडी हवी होती. मालकांनी नवीकोरी पिकअप घेतली आणि ऊस गेलेल्या रानात मला शिकवली. एक महिना त्या रानात मी गोल गोल फिरत होते. सुट्टी संपली तेव्हा ते म्हणाले, "आता तू हायस आन् गाडी हाय. पुस्तक वाच, पुस्तकात सगळं हाय."

मी पुस्तक वाचलं. इंजिनात तेल सिंथेटिक घालायचं आणि वीस हजार किलोमीटर किंवा वर्ष, यातलं जे आधी येईल तेव्हा बदलायचं. मी ते कागदावर लिहून गाडीच्या काचेपाशी चिकटवलं.

तेल पहिल्यांदा बदललं तेव्हा मामंजी सोबत होते. आष्ट्याला सांगलीच्या रस्त्याला हारूणभाईंचं गॅरेज आहे. त्यांनी नवा डबा फोडला आणि तेलाची धार धरली, पिवळी, एकसारखी, न तुटणारी. मामंजी उठून जवळ गेले.

"हे कशाचं?"

"सिंथेटिक हाय बाबा. कारखान्यात मुद्दाम बनवत्यात. बर्फात गोठत न्हाई, उन्हात जळत न्हाई. साधं तेल पाच-सात हजारात दमतंय, हे लय दिवस टिकतंय."

मामंजींनी बोट पुढं केलं. हारूणभाईंनी हसून त्यावर थेंब सोडला. अंगठा आणि बोट यांच्यात तो थेंब मामंजींनी किती तरी वेळ चोळला, वास घेतला, तार काढून उजेडाकडं धरली. देवळात अंगारा घेताना चेहरा होतो तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"माणसानं केलंय व्हय हे," एवढंच म्हणाले.

त्या दिवसापासून रोज सकाळी, गाडी गार असताना, ते मला बोनेट उघडायला लावायचे. तेल मोजायची पट्टी ओढायची, जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसायची, परत घालून काढायची, दोन खुणांच्या मध्ये तेल आहे का बघायचं, आणि एक थेंब बोटावर. मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाला विरंगुळा मिळाला. बरं झालं.

यंदा चैत्रात भैरीच्या जत्रेला चार दिवस राहिले होते. वर्षातनं त्या एकाच दिवशी आपल्याला रानात आत सोडतात. वसाहतीतली नऊ माणसं आमच्या गाडीनं जाणार होती, त्यात तीन म्हातारी. सकाळी मला तीन ठिकाणी रोपं पोचवायची होती. मामंजी पट्टी हातात धरून उभे राहिले.

"सुमन, तेल वाढलंय."

"आवं मामंजी, तेल कमी हुतंय. वाढंल कसं?"

"बघ तूच."

मी बघितलं. तेल वरच्या खुणेपेक्षा करंगळीच्या पेराएवढं वर होतं. मला वाटलं, मागच्या वेळी जास्त पडलं असेल, किंवा गाडी उतारावर असेल. गाडी उतारावर नव्हती. या गावात उतारच नाही.

"पातळबी झालंय," ते म्हणाले. "आठ दिस बघतोय मी. आन् वास डिझेलचा येतोय."

"अजून आठ हजारबी झालं न्हाई. वीस हजाराला बदलायचं असतंय. पुस्तकात लिवलंय."

"पुस्तकानं आपलं रान बघितलंय का?"

मी गाडी काढली. संध्याकाळी मालकांना फोन लावला तर तेही म्हणाले, पुस्तकाप्रमाणं चाल, मामंजींच्या नादी लागू नको. ते मामंजींनी ऐकलं. जेवण झाल्यावर शांतपणे म्हणाले, "मधात पानी घातलं की मध वाढतोच, पोरी. ती खरी वाढ नसती. ह्या गाडीत मी बसनार न्हाई, आन् आपल्या माणसांनाबी बसू देनार न्हाई."

मला राग आला. माणसांनी वर्षभर त्या दिवसाची वाट बघितलेली. दुसऱ्या दिवशी मी त्यांना गाडीत बसा म्हटलं नाही. ते आपले हारूणभाईंकडं चालत निघतील म्हणून शेवटी 'तिथंपतोर तरी बसा' म्हणत मीच दार उघडलं आणि आष्ट्याला गेलो. खरं सांगते, मामंजींना खोटं पाडायलाच मी निघाले होते.

हारूणभाईंनी पट्टी काढली, हुंगली, थेंब फडक्यावर टेकवून बघितला. मग विचारलं, "वहिनी, गाडी कुठं कुठं फिरती?"

मी सांगितलं. वसाहतीतनं बांधावर, बांधावरनं रोपवाटिकेत. चार किलोमीटर, पाच किलोमीटर. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. ट्रे उतरवेपर्यंत गाडी तशीच सुरू.

"मोठ्या रस्त्याला कवा?"

"कवातरी."

त्यांनी मला समजेल असं सांगितलं. नव्या गाड्यांच्या धुराड्यात काजळी धरायची गाळणी असते. गाळणी भरली की गाडी आपली आपण जादा डिझेल सोडून ती काजळी जाळते. त्यासाठी गाडी सलग, एका वेगानं, पंधरा-वीस मिनिटं पळावी लागते. आमची पळायच्या आधीच थांबायची. मग काजळी अर्धवट जळायची आणि न जळलेलं डिझेल खाली तेलात उतरायचं. म्हणून तेल वाढलं होतं. वाढलं ते तेल नव्हतंच.

"पातळ तेलावर ओझं घिऊन घाट चढला असता, तर आतली बेअरिंगं सुकी घासली असती," ते म्हणाले. "पुस्तक खोटं न्हाई वहिनी. पर त्यो वीस हजाराचा आकडा सरळ रस्त्यानं पळणाऱ्या गाडीचा. त्याच पुस्तकात मागं बारीक अक्षरात दुसरं कोष्टक असतंय. धूळ, ओझं, थांबत थांबत चालणं. तुमची गाडी त्यातली. तुमी निम्म्यावर बदला, धा हजाराला, न्हाईतर वर्षाला. आन् पट्टीवर तेल वर चढलं तर आकडा बघूच नका, लगीच बदला. आठवड्यातनं एकदा गाडी पळवून आणा."

मी गाडीतनं पुस्तक काढलं. मागच्या पानांवर ते कोष्टक होतं. मी तिथपर्यंत कधी गेलेच नव्हते.

"पन ह्ये बघितलं कुणी?" हारूणभाईंनी विचारलं.

मी मामंजींकडं हात केला. हारूणभाईंनी हात पुसले आणि त्यांच्यासमोर खुर्ची ठेवली. स्वतः उभे राहिले.

"बाबा, माझ्याकडं तीस वर्सं गाड्या येत्यात. असं बोटानं मला कळंल का, म्हाईत न्हाई. काय करायचा तुमी?"

मामंजी लाजले. मग हळूहळू बोलायला लागले. कडा, दोर, धुरी, कोणत्या महिन्यात मध पातळ असतो, कोणत्या महिन्यात दाट. गॅरेजमधले सगळे हातातलं काम ठेवून ऐकत होते. जुनं तेल खाली काळं, पाण्यासारखं सळसळत पडत होतं आणि मी तिथं उभी राहून माझ्या सासऱ्यांकडं बघत होते. बारा वर्षं ज्या माणसाला मी वेळेवर चहा-भाकरी दिली, तो काय होता हे मला त्या दिवशी दिसलं.

फिल्टर बदलला, नवं तेल घातलं, आणि हारूणभाईंनी सांगितल्याप्रमाणं मी गाडी मोठ्या रस्त्याला घेऊन अर्धा तास एका वेगानं पळवली. मामंजी डोळे मिटून आवाज ऐकत होते. मी त्यांची माफी मागितली नाही. आमच्यात तसं बोलायची पद्धत नाही. दुसऱ्या सकाळी मी ते धोतराचं फडकं धुऊन, वाळवून बोनेटवर ठेवलं. त्यांनी ते उचललं आणि कामाला लागले.

जत्रेच्या दिवशी पहाटे निघालो. कराड, पाटण, मग वनखात्यानं नंतर काढलेली मातीची वाट. नऊ माणसांना घेऊन गाडी घाट चढत होती. ज्या डोंगरात मी तीनदा बसले होते तो डोंगर मीच चाक धरून चढत होते. ओढ्यापाशी वाट संपली. तिथनं अर्धा तास चालत.

तुमच्यातले जे बऱ्याच वर्षांत गेले नाहीत त्यांना सांगते, वाडी ओळखू येत नाही. भैरीचं देऊळ तेवढं आहे. आपल्या स्वयंपाकघरात उंबर उभा आहे, माझ्या कवेत जेमतेम मावेल एवढा. भिंती मातीत मिसळल्या. अंगणात सांबराच्या पावलांचे ठसे, ओले, ताजे. खळ्यावर करवंदीची जाळी. आणि वरती कड्याला मोहोळं, मी मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. छाती भरून आली, पण ती दुःखानं नव्हे. इतक्या थोड्या वर्षांत एवढं सगळं उभं करणारं काहीतरी आपल्या पाठीशी कायम होतं, आणि आपण त्याच्या कडेला चूल मांडून राहत होतो.

मामंजी उंबराला हात लावून उभे होते. म्हणाले, "आपण हितं ऱ्हायलो हेच नवल हाय, सुमन."

नैवेद्य झाला, नारळ फोडले, म्हाताऱ्या बायांनी देवळाची पायरी पदरानं झाडली. दुपारी मी अजून थोडं बसू म्हणत होते, तर मामंजीच उठले. "चला. म्हसरांची धार काढायची हाय."

परतताना ते माझ्याशेजारी पुढं बसले आणि पाटण यायच्या आत झोपले. कराडच्या पुढं डोंगर मागं पडले आणि ते सपाट रान सुरू झालं. दिवस कलला होता, उसाच्या पात्यांवर ऊन होतं, पाटात पाणी चमकत होतं. दहा वर्षांत मामंजींनी या जागेला कधी गाव म्हटलं नव्हतं. ते 'वसाहत' म्हणायचे, तेही दुसऱ्या कुणाची असल्यासारखं. वळणावर गाडी हळू झाली तशी त्यांना जाग आली. त्यांनी काचेतनं बाहेर बघितलं.

"आलं का आपलं?"

"आलं," मी म्हटलं.