आमचा करोना सूर्यावर असतो

बाळांनो, काल आपला जिना जंतुनाशकाने धुतला. तो वास आला आणि मी पुन्हा चिडले, म्हणून आजच लिहिते. टाळेबंदीत तुमची आई गिरगावच्या या घरातूनच संशोधन करी. सूर्याभोवतीच्या तेजोवलयालाही करोना म्हणतात. त्यातल्या चुंबकीय कमानींची छायाचित्रे एका दुपारी तिला संगणकावरून परीक्षकांना दाखवायची होती. तिची पदवी त्यावरच अडली होती. "करोना इथे बघा, केवढा पसरलाय!" ती मोठ्याने म्हणाली. शेजारणीने नेमके तेवढेच ऐकले. लगेच सोसायटीचे सेक्रेटरी फवारणीचा पंप घेऊन दारात! "अहो, तो सूर्यावरचा आहे," मी ओरडले. "काकू, कुठला का असेना, आपल्या मजल्यावर आलाय ना?" म्हणत सेक्रेटरींनी फवारा सोडलाच. पाणी दाराखालून वायरींवर गेले, वीज गेली आणि परीक्षक अर्ध्या वाक्यात नाहीसे झाले. "आई, संपलं गं सगळं," ती रडवेली झाली. परीक्षक भले, त्यांनी संध्याकाळी पुन्हा ऐकून घेतले आणि पदवी मिळाली. माझा संताप मात्र निवेना. ग्रिलचा उरलेला ऑइलपेंट घेऊन मी दारावर लिहिले, 'आमचा करोना सूर्यावर असतो.' नंतर सारे घर रंगवले, पण ती ओळ मी पुसू दिली नाही. ती अजून दारावर आहे.