लेबलं लागताना चहाला जाणारा

गेल्या महिन्यात सुधीरदादा गेला, तेव्हा घरच्या ग्रुपवर दिवसभर ‘देवमाणूस गेला’ असे मेसेज येत होते. मी काहीच लिहिलं नाही. माझा सख्खा चुलतभाऊ, वाशीच्या एपीएमसी मार्केटमधला आंब्याचा मोठा व्यापारी... गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहायचं असतं, हे मलाही कळतं. पण मला ते जमणार नाही.

लहानपणी तो मला फार आवडायचा. सुट्टीत आमच्या देवगडच्या बागेत आला की डोळे मिटून, नुसत्या वासावरून आंबा कुठल्या झाडाचा ते सांगायचा. पुढे वाशीत गाळा घेतल्यावर त्याने अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, नाव आणि फोटो असलेली लेबलं छापून घेतली. अप्पांना केवढा अभिमान वाटला होता. मग एका वर्षी मोहोर करपला, बागेतून जेमतेम घरापुरता आंबा निघाला, आणि त्याच मे महिन्यात सीवूड्सला माझ्या शेजारच्या बाई पेटी घेऊन दारात उभ्या राहिल्या. पेटीवर अप्पा हसत होते, आत कर्नाटकचा आंबा होता. “तुमच्या वडिलांकडून ही अपेक्षा नव्हती,” त्या म्हणाल्या.

मी तशीच गाळ्यावर गेले. पेट्यांना अप्पांची लेबलं लावायचं काम चालू होतं आणि सुधीरदादा समोरच्या टपरीवर चहा पीत होता.

“कसलं टेन्शन घेते मंजू? सगळं मार्केट हेच करतं. गिऱ्हाईक खूश आहे ना?”

“तू फसवतोयस, दादा.”

“मी? आईशपथ, आजपर्यंत एक लेबल माझ्या हातानं लावलं नाय.”

ते खरंच होतं. लेबलं बाहेर निघाली की हा चहाला जायचा, लावून झाली की परत यायचा. मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. याला पुस्तकात ‘नैतिक अलिप्तता’ म्हणतात, परीक्षेत पाच मार्कांना येते. मुलांना वाटतं, धंद्यात फसवणारा माणूस कोडगा असतो. कोडगा असता तर चहाला कशाला गेला असता? त्याला टोचत होतं, आणि टोचू नये याची त्याने सोय लावली होती. याचीच मला जास्त चीड येते. दर अक्षय्य तृतीयेला अनाथाश्रमात पेट्या पाठवायचा, त्या मात्र अस्सल देवगडच्या, स्वतः निवडलेल्या. ग्रुपवरचा देवमाणूस तो त्या पेट्यांमुळे.

शेवटी अप्पाच वाशीला आले. “सुधीर, पेटीवरून माझं नाव काढ आता.”

तो त्यांच्या पाया पडला आणि हसून म्हणाला, “काका, नावच तर काढलंय तुमचं. अख्ख्या मुंबईत.”

अप्पा तसेच परत गेले. लेबलं चालूच राहिली. अप्पांनी वाशीला माल पाठवणं बंद केलं. आता थोड्या पेट्या माझ्याकडे येतात, त्या आम्ही सोसायटीत विकतो.

परवा अप्पा स्वतः पेट्या घेऊन आले होते, खाली पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसले होते. एका बाईंनी पेटीवरचं नाव वाचलं. “काका, राग मानू नका, पण या नावाचा आंबा आम्ही मागे घेतला होता. हा तरी खरा आहे ना?”

अप्पांनी माझ्याकडे सुरी मागितली, उभं राहून एक आंबा कापला आणि फोड त्यांच्यापुढे धरली. बाईंनी चव घेतली, छान आहे म्हणाल्या, दोन पेट्या घेऊन गेल्या... अप्पांनी मान वर केली नाही.