बिनव्याजी पेढीला लागलेले सील

ती शुक्रवारची दुपार माझ्या मनातून अजून गेलेली नाही. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीच्या बंदोबस्तात तीन-तीन दिवस पायांतले बूट न काढता काढले. त्यांतले पुष्कळसे आता विसरलो. या प्रकरणात कोणाला साधा ओरखडाही उठला नव्हता. तरी कोणी "साहेब, एखादी केस सांगा" म्हटले की मला आधी हीच आठवते आणि मी दुसरीच सांगतो. आज हीच सांगतो.

दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षे. मी भिवंडीत पोलीस निरीक्षक होतो. भारनियमनाने शहर पार मेटाकुटीला आले होते. लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, चालू असताना भिवंडीत माणसाला ओरडूनच बोलावे लागते. वीज गेली की एकदम शांत व्हायचे आणि कामगार दारात येऊन बसायचे. आम्हा पोलिसांना ती शांतता आवडत नसे. हाताला काम नसले की भांडणे वाढतात, हे कोणत्याही ठाण्याची स्टेशन डायरी उघडली तरी कळते.

अशातच वरिष्ठ कार्यालयाकडून एक निनावी अर्ज आमच्याकडे आला. वर शेरा होता, 'चौकशी करून तात्काळ कारवाई करावी.' अर्ज हिंदीत होता. एक निवृत्त मास्तर बिनव्याजी पेढी चालवतो, गरिबांचे पैसे गोळा करतो, ते हवाल्याने देशाबाहेर पाठवतो, वह्या दोन ठेवतो. मागच्या बैठकीत त्याने एका आजारी लूमवाल्याचे सगळे येणे माफ केले आणि त्याच बैठकीत एका गरजू माणसाला हात हलवत परत पाठवले. शेवटी एक वाक्य होते : 'यह पैसा किस काम में जाता है, पुलिस पता करे.'

ते दिवस मुंबईतल्या बॉम्बस्फोटांचे होते. त्या एका वाक्याने सगळ्यांचे कान टवकारले. मला खरे लिहायचे आहे म्हणून लिहितो. पेढी मुसलमान मोहल्ल्यातली होती. तिच्या पाटीवर दुसऱ्या समाजाचे नाव असते, तर मी चालकाला चहाला बोलावून विचारले असते. इथे मी तसे केले नाही.

निनावी अर्जाची आधी गुप्त चौकशी करायची, हे प्रशिक्षणातच शिकवतात. माझे हवालदार मूळचे अंजूरचे, भिवंडीत वीस वर्षे काढलेले. ते म्हणाले, "साहेब, मी साध्या कपड्यांत दोन दिवस फिरून येतो. मास्तरला मी ओळखतो. माणूस तसा नाय."

"ओळखता म्हणूनच नको," मी म्हणालो.

सरकारतर्फे फिर्याद देऊन गुन्हा नोंदवला आणि छाप्यासाठी शुक्रवार निवडला. शुक्रवारी लूमना सुट्टी असते, नमाजानंतर सभासद पेढीत जमतात, सगळे एकाच वेळी सापडतील असा माझा हिशेब. दोन गाड्या घेऊन गेलो. एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरची ती खोली होती. लाकडी टेबल, लोखंडी कपाट, भिंतीलगत बाक. बाकावर लूमवाले, एक भाजीवाला, दोन बुरखा घातलेल्या बायका. आम्ही शिरताच सगळे उभे राहिले. पंचांसमक्ष वह्या, पावती पुस्तके आणि कपाटातली रोकड ताब्यात घेतली. एका पिशवीत इंग्रजी आणि अरबी पुस्तिका सापडल्या, त्याही घेतल्या. दाराला सील लावले. मोहल्ल्यातली शंभर-दोनशे माणसे बघत होती. त्याच दिवशी पेढीचे खाते गोठवण्याचे पत्र बँकेला गेले.

मास्तर सत्तरीच्या आसपासचे. जुन्या कोकणी मुसलमान घराण्यातले, पालिकेच्या उर्दू शाळेतून निवृत्त झालेले. स्वच्छ मराठी बोलत. त्यांना अटक केली नाही, पण सलग तीन दिवस चौकशीला बोलावले. ते सकाळी दहाला हजर होत आणि मी बोलावीपर्यंत बाहेरच्या बाकावर बसत. त्याच बाकावर आम्ही पाकीटमारांना बसवत असू. येणारा-जाणारा प्रत्येक जण त्यांना बघत होता, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही.

"मास्तर, व्याज घेत नाही, मग पेढी चालते कशावर?" मी पहिल्या दिवशी विचारले.

"व्याज आम्हाला मना आहे, साहेब. धंदा मना नाही. कुणाला अडचणीला उसने दिले तर दिले तेवढेच परत घ्यायचे. धंद्याला हवे असतील तर पेढी भागीदार होते. नफा झाला तर नफ्यात, तोटा झाला तर तोट्यात."

"तोट्यात कोण भागीदार होतो?"

"म्हणून तर आम्ही आधी माणूस बघतो, मग त्याचा लूम. सावकाराचे काय, तुमचा लूम बंद पडला तरी त्याचे व्याज चालूच. आमचा पैसा त्या लूममध्येच अडकलेला असतो. लूम बंद पडला की आम्हीच मेकॅनिक घेऊन धावतो."

पुस्तिकांबद्दल विचारल्यावर म्हातारा खुलला. "बाहेरच्या देशांत अशा मोठमोठ्या बँका आहेत, साहेब. याच तत्त्वावर कारखान्यांना, बंदरांना पैसा पुरवतात. आखातात नोकरीला असलेले माझे विद्यार्थी ही पुस्तके पाठवतात. मी इतकी वर्षे शिकवले. सातवी-आठवीपर्यंत वर्ग निम्मा रिकामा व्हायचा, पोरे लूमवर जायची. मला वाटले, बापाचा लूम त्याच्या मालकीचा झाला तर पोर शाळेत टिकेल. एवढेच वाटले."

मी माझ्या डायरीत लिहिले, 'परदेशी संबंध', आणि खाली रेघ मारली.

चौथ्या दिवशी सकाळी ठाण्यात एक बाई आली. पन्नाशीची, नऊवारी घट्ट खोचलेली, वळ गावची. ठाणे अंमलदाराने बस म्हटले तरी बसेना. तिला माझ्यासमोर आणले.

"मास्तरला सोडा," ती म्हणाली.

"त्यांना धरलेले नाही. तुमचा काय संबंध?"

"माजा नाव हाय त्या वहीत. तुमी वाचलाव काय?"

मी हवालदारांकडे पाहिले. वह्या उर्दूत होत्या आणि भाषांतरकाराकडे पडून होत्या. त्यांतले एक पानही आम्ही वाचलेले नव्हते.

तिने उभ्याउभ्याच सांगितले. नवरा वारला तेव्हा ती दुसऱ्याच्या कारखान्यात कांड्या भरत होती. कांडी म्हणजे लूमच्या धोट्यात बसणारी आडव्या सुताची नळी. स्वतःची कांडी मशीन घ्यायची म्हणून ती दोन ठिकाणी गेली. एकाने तारण मागितले, दुसऱ्याने महिन्याचे व्याज आधीच कापून घेऊ म्हटले. मास्तर मात्र घरी येऊन तिचे काम बघून गेले. मशीन पेढीने आणि तिने मिळून घेतली. कमाईतला पेढीचा हिस्सा ती देई आणि वर थोडे थोडे भरून पेढीची मालकी विकत घेई.

"लाईट जायची तवा दोन महिने काय सुटला न्हाय. मी मास्तरला सांगाया गेले, आता मशीन घेऊन जावा. त्ये म्हंतात, बाई, तोटा आपला दोघांचा हाय. आता अर्धी मशीन माजी झाली, अर्धी पेढीची हाय. तुमी टाळा लावलाव, तर माजी अर्धी कुठं गेली ता सांगा."

तुम्ही हिंदू असून या पेढीत कशा, असे मी विचारले. तो प्रश्न विचारल्याची लाज मला आजही वाटते. ती म्हणाली, "मास्तरनी नाय इचारला, तुमी कशाला इचारताव?"

त्या दिवशी मी भाषांतरकाराला ठाण्यात बसवून घेतले आणि वही पान-पान वाचून घेतली. हिशेबाची वही एकच होती. दुसरी वही आहे असे अर्जात म्हटले होते, ती म्हणजे सभासदांच्या हजेरीची. बँकेच्या उताऱ्याशी प्रत्येक रक्कम जुळत होती. देशाबाहेर काही गेले नव्हते. पुस्तिकांत भागीदारीचे नियम आणि बँकांचे अहवाल होते.

मग मी पुन्हा अर्ज वाचायला घेतला, आणि या वेळी तो लिहिणाऱ्याच्या बाजूने वाचला. तपासात ही सवय कामाला येते. खोटा माणूस रागाच्या भरात एक तरी खरी गोष्ट लिहून जातो. आजारी लूमवाल्याचे येणे माफ झाले, हे खरे होते. पण तो निर्णय बंद खोलीत झाला होता आणि लूमवाल्याची अब्रू जाऊ नये म्हणून बाहेर सांगायचा नाही, असे ठरले होते. खोलीत पेढीचे पाच पंच होते, कोणाला पैसे द्यायचे ते ठरवणारे. आणि दाराशी पैशांसाठी केलेल्या आपल्या अर्जाच्या निकालाची वाट बघत उभा असलेला एक जण. त्या दिवशी नाकारलेला अर्ज एकच होता, आणि त्या माणसाचा तो हिंदीतला अर्ज वहीला टाचलेला होता. अक्षर ताडून बघायला तज्ज्ञ लागला नाही.

तो चार लूमचा मालक होता, उत्तरेकडून भिवंडीत येऊन स्थिरावलेला. समोर दोन्ही कागद ठेवले तेव्हा त्याने एकदाही नाही म्हटले नाही.

"साहब, बेटी की शादी थी. मास्टर बोले, पेढी काम-धंदे के लिए देती है, शादी के खर्चे के लिए नहीं. और उसी दिन दूसरे का माफ़ कर दिया. मुझे गुस्सा आ गया."

"हवाला कुठून आला?"

"वैसा लिखने से पुलिस जल्दी जाती है, साहब."

हे उत्तर ऐकून मी खुर्चीतून उठलो आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. आम्ही काय वाचले की धावतो, हे चार लूमच्या मालकाला ठाऊक होते.

मागून तो रडत होता. "मेरी भी बचत उसी में है, साहब. मैंने सोचा था दो दिन डांट के छोड़ देंगे."

इकडे शहरात व्हायचे ते होऊन चुकले होते. सील लागल्यावर दुसऱ्याच दिवसापासून लोक मास्तरांच्या घरासमोर उभे राहू लागले. पैसे बुडाले, मास्तर आत जाणार, असे बोलले जात होते. खाते गोठलेले, वह्या आमच्या ताब्यात. कोणाचे किती, हे मास्तरांना आठवणीवर सांगावे लागत होते आणि ते सांगत होते. गुन्ह्यात तथ्य नाही असा अहवाल मी पाठवला, पण अहवाल मंजूर होणे, खाते मोकळे होणे आणि न्यायालयाच्या आदेशाने वह्या परत मिळणे यांत कित्येक आठवडे गेले. लोक तितके थांबणारे नव्हते. ज्यांनी भागीदारीत लूम घेतले होते, त्यांच्याकडून मास्तर एकदम पैसे मागू शकत नव्हते. पैसे लोखंडात आणि सुतात गुंतलेले होते.

अंजूरच्या बाजूला मास्तरांची वडिलोपार्जित जमीन होती. गोदामवाले कधीपासून मागत होते आणि ते नाही म्हणत होते. ती त्यांनी विकली. त्या पैशांतून, मागायला आलेल्यांची यादी करून, एकेकाला देऊ लागले. अर्ज कोणी लिहिला ते मी त्यांना सांगितले आणि खोटी माहिती दिल्याबद्दल त्याच्यावर कारवाई करता येईल, असेही म्हणालो. त्यांनी फक्त विचारले, "त्याला त्याचे पैसे मिळाले का? यादीत त्याचे नाव खाली होते." मिळाले नव्हते. दुसऱ्या दिवशी मिळाले.

वह्या परत न्यायला मास्तर ठाण्यात आले, ती आमची शेवटची भेट. सही केली, वह्या कापडात बांधल्या. मग म्हणाले, "साहेब, एक कागद द्याल? काही सापडले नाही, एवढे लिहून, तुमच्या शिक्क्याने. दाराला चिकटवतो. लोकांनी सील पाहिले आहे. माझ्या बोलण्याने ते परत यायचे नाहीत."

मी म्हणालो, "मास्तर, तसे पत्र देण्याची तरतूद नाही. न्यायालयातून नक्कल घ्या."

"नक्कल इंग्रजीत असते आणि दाराला लावण्यासारखी नसते," ते म्हणाले. थोडे थांबून वाट पाहिली आणि वह्या घेऊन गेले.

तरतूद खरोखरच नव्हती. पण नियमाला धक्का न लावता दोन ओळी लिहिता आल्या असत्या. तेही नाही, तर पुढच्या शुक्रवारी गणवेशात त्या खोलीसमोर उभे राहून मी चार वाक्ये बोलू शकलो असतो. वरिष्ठ काय म्हणतील, वर्तमानपत्रवाले काय विचारतील, याचा मी विचार केला. चूक कबूल करणे जड गेले, असे म्हणणे जास्त खरे.

पेढी पुन्हा सुरू झाली नाही. सभासदच उरले नाहीत. भागीदारीतले लूम हळूहळू विकून हिशेब मिटवले गेले. वर्षभराने वळच्या एका गोदामात चोरीच्या तपासाला गेलो, तेव्हा ती बाई तिथे खोकी बांधत होती. मला ओळखले. मशीनचे विचारले तर म्हणाली, "इकली. पेढीचा अर्धा देऊन टाकला. आता पगार हाय." आणि कामाला लागली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला बरे वाटले असते.

त्याच्या पुढच्या वर्षी मास्तर वारल्याचे हवालदारांनी सांगितले. मी बदलून दुसऱ्या जिल्ह्यात गेलो होतो. जाता आले असते, गेलो नाही.

नंतर माझ्या हाताखाली येणाऱ्या प्रत्येक नव्या उपनिरीक्षकाला मी सांगत असे : संशय तपासायला जाल तर गुपचूप जा. आणि गाजावाजा करून गेलात व काही सापडले नाही, तर ज्या दारात कारवाई केली त्याच दारात, तितक्याच माणसांसमोर, काही सापडले नाही म्हणून सांगून या. मुले मान डोलवत. एकदा एका मुलीने, नुकत्याच भरती झालेल्या उपनिरीक्षकेने, विचारले, "सर, तुम्ही असे केले होते का?"

मी तिला म्हणालो, "नाही. म्हणूनच सांगतो आहे."