आंब्यावरचं घरटं

मुंग्यांना औषध मारायला आलेला तो माणूस आधी ओट्यापाशी उकिडवा बसला आणि साखरेच्या डब्यापासून भिंतीपर्यंत त्यांच्या रांगेचा माग काढत राहिला.

"या काळ्या गोडाच्या मागं येतेत, चावत नाई. बारीक लाल असत्या तं लेकराले झोपू नसतं देलं. अन् चौकटीत मुंगळे हायेत, म्हणजे लाकूड ओलं हाये."

घरात फवारून झाल्यावर मी त्याला मागच्या आंब्यावरचं, पानं चिकटवून केलेलं लाल मुंग्यांचं घरटं दाखवलं. त्याने पंप खाली ठेवला. एक मुंगी चिमटीत धरून जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले.

"आलापल्लीकडं माही माय याची चटणी वाटे, बाई. आंबट. बल्लारपुरात आलो अन् मुंग्याच मारून राह्यलो."

"मग घेऊन जा ना घरटं," मी म्हणाले.

तो हसला. "नेलं असतं. पण वाटाले माय कुठी हाये?"

घरटं तसंच ठेवून तो गेला.

यंदा दुसराच माणूस आला. त्याने थेट आंब्याकडे नळी वळवली.

"तिथे नको," मी म्हणाले. "ते एकाच्या आईचं आहे."