दोन बोटे सैल

बालवाडीच्या बाई कोणाच्याही घरी गेल्या की आधी माणसांकडे पाहत नसत, पडवीच्या मेढीकडे, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या लाकडी खांबाकडे पाहत. बुंध्याशी वाकत, लाकडावरून अंगठा फिरवत आणि मग घरधनिणीला विचारत, "हिला बांधलेलं हे कितवं मूल?"

पोलादपूरच्या डोंगरवाड्या तुमच्यापैकी काहींनी पाहिल्या असतील. त्या काळी तिथले पुरुष मुंबईच्या गिरण्यांत असत आणि शेत बायकांच्या अंगावर असे. आषाढात सासू काय, सून काय, घरातली प्रत्येक बाई लावणीसाठी चिखलात उतरे. मागे राही ते चालता येणारे, पण समज नसलेले मूल. त्याच्या कमरेला दोरी बांधत आणि दोरीचे दुसरे टोक मेढीला. मूल मेढीभोवती फिरे, त्याबरोबर दोरी फिरे. अशा फिरण्याने जुन्या घरांच्या मेढींना वीतभर उंचीवर खोल वळ पडलेला असे. आई ज्या मेढीला बांधून वाढली, त्याच मेढीला पुढे तिची भाचरे बांधली जात. यात क्रौर्य नव्हते, हे आधीच सांगणे भाग आहे. दुसरा इलाज नव्हता.

बाई महाडच्या. लहानपणीच विधवा झालेल्या, सातवीची परीक्षा दिलेल्या. महाडातील काही वकील आणि व्यापारी यांनी बालकांसाठी एक मंडळ काढले होते. त्या मंडळाने त्यांना आमच्याकडे बालवाडी चालवण्यासाठी धाडले. माझ्या एकशिक्षकी शाळेला लागून एक खोली होती, तीत त्या राहिल्या. बालवाडी मात्र ओढ्यापलीकडच्या वाडीतल्या देवळात भरे. मधे साकव होता, म्हणजे चार ओंडके आडवे टाकून केलेली वाट. त्यावरून त्या रोज पहाटे जात, डोक्यावर भिजल्या चण्यांचा डबा आणि बगलेत मोडकी छत्री घेऊन.

त्यांचे एक ठरलेले वाक्य होते: "सगळी म्हणजे सगळी."

हे वाक्य त्यांना प्रथम खालच्या आवाडातल्या, म्हणजे अस्पृश्य वस्तीतल्या मुलांवरून वापरावे लागले. बाईंनी देवळात पाण्याचा एकच हंडा ठेवला आणि पाणी काढायला एकच ओगराळे. चवदार तळ्याच्या गावाहून आलेल्या बाईला याहून वेगळे काही सुचणे शक्य नव्हते. वरच्या घरांनी आपली मुले नेली. देवळाच्या पायरीवर उभे राहून एक म्हातारी म्हणाली, "ती पोरं नकोत गो बाई. बाकी सगळी घे."

"सगळी म्हणजे सगळी, आत्याबाई."

"तुझं एकबी नाय, नि आमची सगळी कशाला गोळा करतेस?"

"माझं एकही नाही, म्हणून तर हात रिकामे आहेत."

म्हातारी हसली नाही. पण आठवडा उलटण्याच्या आत रोपे पिवळी पडू लागली, आणि तीच म्हातारी नातवाला काखेत मारून पायरीशी आली. लावणीपुढे सोवळे टिकत नाही. बाईंनी मुलगा घेतला आणि तिला काही ऐकवले नाही.

पारू नावाच्या एका बाईने मात्र मूल दिले नव्हते. तिचा नवरा गिरणीत होता. पदरी तीन वर्षांचा म्हादू आणि अंगावर पिणारी मुलगी. म्हादू मेढीला असे. मुलीला पारू पाठीशी बांधून शेतात नेई. बाई तिच्याकडे अनेकदा गेल्या. एकदा मी बरोबर होतो. पारू दोरीची गाठ आवळीत म्हणाली, "बाई, हितं पानी हाय, चूल हाय, सरप हाय. ही दोरी ह्या समद्यांपासून राखते. तुमी राखाल?"

"राखीन," बाई म्हणाल्या.

एवढा एकच शब्द. पारूने आवळलेली गाठ सोडली. दुसऱ्या दिवशी ती दोरी तिने गोठ्यातल्या पाड्याच्या गळ्यात घातली. घरात आता तिचे दुसरे काम उरले नव्हते.

म्हादू बाईंना फार चिकटला. सकाळी साकवाच्या टोकाशी तो त्यांची वाट पाहत उभा असे आणि डबा उचलण्याचा आग्रह धरी. तो त्याला उचलवत नसे. दुपारी देवळात लपंडाव चाले. बाई खांबाआड लपत. त्या अंगाने भरल्या असल्याने दोन्ही बाजूंनी दिसत, आणि मुले शिस्तीने त्यांना शोधत फिरत.

एकटीने हे चालायचे नाही, ते बाईंना ठाऊक होते. लावणी चालू असतानाच एक दिवस वाडीत सांगून त्या महाडला मंडळाच्या सभेला गेल्या. मला साक्षीला नेले. अध्यक्ष वकील होते, सभ्य गृहस्थ.

"बाई, तुम्हांला नेमके हवे काय?"

"प्रत्येक वाडीत एक बाई. त्याच वाडीतली, पगारी. ओढा ओलांडून येणारी नको."

"पण मुले सांभाळायला घरात आई असते."

"आई चिखलात असते, साहेब."

"मग आजी?"

"आजीही चिखलात असते. आजीची ओळ जास्त सरळ येते."

एक व्यापारी सदस्य म्हणाले, "आणि ही सोय कोणासाठी? अनाथांसाठी? निराधारांसाठी?"

"सगळ्यांसाठी."

"सगळ्यांसाठी म्हणजे? उद्या माझ्या नातवालाही घ्याल."

"पाठवा. चणे सगळ्यांना सारखेच देते."

सभेत हशा पिकला. त्या हशात द्वेष नव्हता. मागणी स्तुत्य असून तिचा पावसाळ्यानंतर विचार व्हावा, असे ठरले. परतताना एसटीत बाईंनी तिकिटाची बारीक घडी घातली. मग म्हणाल्या, "गुरुजी, पावसाळ्यानंतर लावणी नसते, हे त्यांना कोणी सांगायचं?"

मी म्हणालो, "तुम्ही सांगितलंत."

"हो. सांगितलं खरं."

त्या श्रावणात एका पहाटे बाईंनी माझे दार वाजवले. साकव वाहून गेला होता. आम्ही ओढ्यावर गेलो. पाणी लाल होते आणि त्यातून झाडे चालली होती. तिथे पट्टीचा पोहणाराही उतरला नसता.

पलीकडे देवळाच्या पायऱ्यांवर मुले बसलेली दिसत होती. आया उजाडण्याआधीच डोंगराच्या मागच्या अंगाला शेतात गेल्या होत्या. न सांगता बाई आल्या नाहीत असा एकही दिवस आजवर गेला नव्हता. त्यामुळे त्या येईपर्यंत थांबावे, असे कोणाच्या मनात आले नाही. विश्वास बसला होता तो असा.

मुलांत एक जरा मोठी मुलगी होती. बाई तिला हाका मारू लागल्या. "पोरांना आत ने गो! दार लाव!" मुलीने कानाशी हात नेला. पाण्यापुढे काही ऐकू जात नव्हते. मग बाई ओरडल्या, "बांध त्यांना! बांध गो, बांध!"

घरोघर गाठी सोडीत फिरलेल्या बाईंच्या तोंडून ते शब्द मी ऐकले. पलीकडे ते कोणीच ऐकले नाहीत.

एवढ्यात म्हादूने त्यांना पाहिले. रोजच्यासारखा तो पायऱ्या उतरून साकवाच्या जागेकडे निघाला. बाई एकदम गप्प झाल्या. आपण दिसतो म्हणून तो येतो आहे, हे त्यांच्या ध्यानात आले आणि त्या धावत आंब्याच्या आड गेल्या. तिथे चिखलात बसून त्यांनी पदराने तोंड झाकले. मी दोन्ही हातांनी त्याला मागे सारीत होतो, ओरडत होतो. मोठी मुलगी त्याच्यामागे निघाली, पण अंतर फार होते. म्हादू माझ्याकडे पाहत नव्हता. तो हसत होता आणि झाडाच्या दोन्ही बाजूंना डोकावून बाईंना शोधीत होता. असा शोधीत तो काठापर्यंत आला.

पुढचे लिहीत नाही. झाडाआडून बाईंनी मला विचारले, "गुरुजी, गेला का मागे?"

वाडीने त्यांना दोष दिला नाही. दिला असता तर बरे झाले असते, असे त्या एकदा म्हणाल्या. पाणी ओसरल्यावर त्या लांबच्या उताराने पलीकडे गेल्या आणि पारूच्या पडवीत जाऊन बसल्या. पारू म्हणाली, "बाई, तुमचा काय दोस? पानी आलं." एवढे बोलून तिने त्यांना चहा दिला. पाड्याच्या गळ्यातली दोरी तोवर पुन्हा मेढीला आली होती. धाकटी अजून रांगतही नव्हती.

नवा साकव झाला. बाई पुन्हा डबा घेऊन जाऊ लागल्या. देऊळ रिकामे असे. वाडीत एकही मेढ मोकळी नव्हती. त्या दिवसभर पायरीवर बसत आणि संध्याकाळी भिजले चणे तसेच परत आणून माझ्या शाळेतल्या मुलांना देत.

त्या आणखी एकदा महाडला गेल्या. आता तरी त्याच वाडीतली बाई नेमा, म्हणाल्या. अध्यक्षांच्या डोळ्यांत पाणी होते. ते खोटे नव्हते. असा प्रसंग पुन्हा ओढवू नये म्हणून बालवाडी बंद करण्याचे मंडळाने एकमताने ठरवले. बाईंच्या मागणीचा सर्वांत मोठा पुरावा होता, तोच तिच्याविरुद्ध वापरला गेला.

सामान बांधण्यापूर्वी त्यांनी काही दिवस मागून घेतले. घरोघर जाऊन जुनी लुगडी गोळा केली. देवळाच्या पायरीवर बसून त्यांच्या घड्या घातल्या, टाके घातले आणि चार बोटे रुंद पट्टे शिवले. मग प्रत्येक पडवीत गेल्या. पूर्वीसारख्याच मेढीशी वाकल्या. मात्र कितवे मूल, ते विचारले नाही. मुलाच्या कमरेची दोरी सोडून त्या जागी पट्टा बांधला आणि दोरी पट्ट्याला अडकवली.

"दोरीनं काचतं," त्या आयांना सांगत. "पट्टा बांधा. घट्ट नको. पट्ट्यात दोन बोटं गेली पाहिजेत." आणि स्वतःची दोन बोटे घालून दाखवीत.

पारूने धाकटीला त्यांच्यासमोर बसवले. "हिलाबी बांधा. ही आता रांगायला लागल."

बाईंचे हात त्या वेळी थांबले. मग त्यांनी पट्टा बांधला. गाठ दोनदा तपासली.

त्या कुठे गेल्या ते मला कळले नाही. महाडला चौकशी केली; खोली सोडल्याचे समजले.

निवृत्तीनंतर एकदा त्या वाडीत गेलो. पारू थकली होती. धाकटी माहेरी आली होती आणि शेतात गेली होती. पडवीत तिचे मूल मेढीशी झोपले होते. मेढीवरचा वळ जुनाच, अधिक खोल झालेला. मुलाच्या कमरेला हिरव्या लुगड्याचा रुंद पट्टा होता. कापड नवे होते. टाके बाईंच्या धाटणीचे होते.

मी खाली बसलो आणि पट्ट्यात दोन बोटे घालून पाहिली. गेली.